धाकटा उद्या घरी येतोय

मंगळवार, ११ नोव्हेंबर

धाकट्याच्या आईस,

आज सुधारगृहात जाऊन त्याला भेटलो. उद्या सुटतोय. तू देवाघरी गेल्याचं त्याला अजून माहीत नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, "काका, इथेच सांगा, आम्ही जवळ आहोत. घरी कळलं तर पुन्हा नशेच्या गोळ्यांकडे धावेल, आणि पूर्वीइतक्या आता त्याच्या शरीराला झेपणार नाहीत."

तो हसतच आला. "आई अजून रुसलीय का?"

"गुडघा धरलाय तिचा."

"मग उद्या मीच चेपून देतो."

पुढे माझी जीभ रेटेना. बाईंना मात्र "सांगितलं" म्हणून निघालो.

उद्या दारातूनच तुला हाक मारेल. त्यानंतरचं काही सुचत नाही. गोळ्या घ्यायला तो बाथरूममध्येच कोंडून घ्यायचा, म्हणून त्या दाराची आतली कडी काढायला बसलोय. स्क्रू गंजलेत, तेल सोडलंय.

तुझा,
धाकट्याचा बाबा