अकराव्या खुर्चीवरून

ब्रेकन काउंटी, नेब्रास्का
१२ फेब्रुवारी १९७८

चि. ट्वायलास अनेक आशीर्वाद वि. वि.

बिटाचं लोणचं पोचलं. मिठाला तुझा हात नेहमीसारखाच सढळ!

मला कोर्टाचं ज्यूरीत बसायचं बोलावणं आलं. वाटलं होतं, सोडून देतील. आरोपीची आई एल्फ्रिडा तीस वर्षं चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते, हे मी न्यायाधीशांना स्वच्छ सांगितलं. त्यांनी विचारलं, ह्याला न ओळखणारं इथं कोण आहे, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. म्हणाले, ओळखणाऱ्यांना घरी धाडायचं तर खुर्च्यांवर गाई बसवाव्या लागतील. ओळख बाजूला ठेवून निकाल द्याल का, एवढंच बोला. मी हो म्हणून बसले. अकरावी खुर्ची माझी.

खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. पण मी घाबरले आहे गं. काल दोनदा फोन वाजला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास.

हॅरल्डना नमस्कार. लोभ आहेच, तो आता जरा जास्त लागेल.

तुझी,
आर्डिथताई

ओमाहा
१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू तोंड मिटलंस तरी पेपर मिटत नाही. एल्फ्रिडाच्या वेंडेल स्ट्रोमनं हाऊगांची गवताची वखार पेटवली, आत त्यांचा गडी एमिल होता, त्याचे दोन्ही हात भाजले. सगळं छापून आलंय. ताई, तू एकटी राहतेस. सगळ्यांत जवळचं घर दोन मैलांवर, आणि तेही स्ट्रोमांचंच! उद्याच डॉक्टरांची चिठ्ठी घे आणि इकडे निघून ये.

हॅरल्ड म्हणतात, तुझी बहीण जन्मात कुणाला उलट बोललेली नाही, तिथंही माना डोलवून परत येईल. मी हसले खरी, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

उलटटपाली कळव. माया अशीच असू दे.

तुझी काळजीनं अर्धी झालेली,
ट्वायला

ब्रेकन काउंटी
२५ फेब्रुवारी

चि. ट्वायलास अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. आता बोलायला मोकळी आहे.

आतल्या खोलीत बाराही जणांनी दोषी म्हणून हात वर केले. कागदावर सही फक्त ज्यूरीच्या प्रमुखाची होती. कुणी काय म्हटलं ते बाहेर कळणार नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. केवढी घोडचूक! निकाल वाचला आणि वेंडेलचा वकील उठला. म्हणाला, एकेकाला नाव घेऊन विचारा. तशी रीतच आहे म्हणे, आणि एक जण जरी नाही म्हणाला तरी निकाल मोडतो.

अख्खी काउंटी बाकांवर बसली होती. दहा जण हो म्हणाले. माझं नाव आलं. वेंडेल माझ्याकडे बघत होता, एल्फ्रिडाही. ट्वायला, मला नाही म्हणायचं होतं. खरं मला ठाऊक होतं, तरी फक्त घरी सुखरूप जाता यावं म्हणून. मग एमिल दिसला. बायको त्याला पाणी पाजत होती. मी हो म्हणाले, पण इतकं हळू की टिपून घेणाऱ्या बाईंना ऐकू गेलं नाही. न्यायाधीश म्हणाले, पुन्हा सांगा. तेव्हा मी गुरांना हाक मारावी तशी ओरडले.

काल दुकानात एल्फ्रिडा समोर आली. मला वाटलं, थुंकेल. ती सावकाश म्हणाली, आर्डिथ, पहिल्यांदा म्हणालीस तिथं थांबली असतीस, तर मी समजले असते की तुझ्याकडून वदवून घेतलं. तू दुसऱ्यांदाही म्हणालीस.

मी पिशवी उचलून तडक घरी आले. दिवसाढवळ्या कडी लावून हे लिहिते आहे. पण तुला म्हणून सांगते, ती बरोबर बोलली. दुसऱ्यांदा मी भीत भीत नव्हते म्हणाले.

आठवण ठेव, आणि एवढ्यात बोलावू नकोस. मी इथंच राहणार आहे.

तुझी,
आर्डिथताई