पिवळ्याच्या अलीकडे थांबलेली रेघ

११ ऑगस्ट
वैदेहीचं चित्र पेटीमागून काढून समोरच्या भिंतीवर लावलं. खिळा ठोकताना पोपडा पडला. आई झाडू घेऊन आली आणि झाडू हातात धरूनच बराच वेळ चित्राकडे पाहत राह्यली. म्हणाली, "वरण सांडलं का रे यावर?"
चिडलो. तर म्हणे, "अरे मंग तू सांग ना, काय हाय त."
सांगता आलं नाई, म्हणून अजून चिडलो.
काय दिसतं ते तरी लिहून ठेवतो. सगळीकडे राखाडी, मातकट, थरावर थर. खाली डावीकडे पिवळा, पंजाएवढा. वरून उजवीकडून एक काळी रेघ येते, पिवळ्याकडे निघालेली, आणि थोडं अंतर राह्यलं की थांबते. बस.
काऊन थांबते? पोचली असती तर काय बिघडलं असतं?
रेघ म्हणजे मी. पिवळा म्हणजे ती. यात शंकाच नाई.

१३ ऑगस्ट
वै.चा फोन. तिनं केला, मी नाई. दिवस सोन्याचा होणार असं वाटलं, मग कळलं फोन कशासाठी. बडोद्याच्या चित्रकलेच्या कॉलेजात नंबर लागला, उशिराच्या यादीत. २४ ला गाडी, वर्ध्याहून.
म्हटलं, मी पण येतो. दुकानांच्या पाट्या रंगवीन, काहीही करीन.
मग म्हणाली, "माझं चित्र आहे ना तुझ्याकडे? त्याच्याबद्दल एक वाक्य सांग. त्यात मी नको, तू नको, आणि ते कशासारखं दिसतं हेही नको. सांगता आलं तर ये."
आणि नाई आलं तर?
"तर चित्र परत दे."
हसत बोलली. पण तिचं हसणं दोन प्रकारचं आहे आणि हे दुसरं होतं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. पिंट्या भेटला, दहावीपर्यंत माझ्याच बेंचवरचा, आता बापाच्या किराण्यात बसतो. सगळ्यांसमोर: "काय बे आर्टिस्ट, नागपूरच्या कॉलेजनं हाकललं म्हणते तुले?"
हाकललं नाई. मी सोडलं. माफी माग म्हणाले, नाई मागितली. कशाची माफी? सरांनी वै.चं हे चित्र वर्गासमोर उलटं धरलं, विचारलं, सांगा, याची सरळ बाजू कोणती. वर्ग हसला. माझ्या हातात ब्रश धुवायच्या पाण्याचा मग होता. तो सरांच्या शर्टावर गेला.
त्याच संध्याकाळी सामान बांधलं. वै. होस्टेलच्या गेटपर्यंत आली. वाटलं रडेल. म्हणाली, "मीसुद्धा हसत होते. घरी मीच ते चारी बाजूंनी फिरवून बघते. तू माझ्याकडे पाह्यलंच नाहीस." आणि चित्र हातात दिलं. ठेव, बघत जा.
मी ते प्रेमाची खूण म्हणून बसमध्ये मांडीवर धरून आंजीला आणलं. पवनारच्या पुलावर वाऱ्यानं वरचा कागद फाटला तर कंडक्टर म्हणाला, "भाऊ, पुसून घ्या, काहीतरी सांडलं."
तोही आईसारखाच.

१७ ऑगस्ट
वाक्यं:
'उन्हाळ्यातल्या धाम नदीच्या पात्रासारखं' — कशासारखं आलं. खोडलं.
'पिवळा एकटा आहे' — एकटा मी आहे, पिवळ्याले काय. खोडलं.
'राखाडीखाली निळा आहे' — हे खरं. कडेला दिसतो. पण हे पेंटच्या दुकानातला नोकरही सांगेल.
फोटोवरून चेहरे काढून देतो मी. आंजीतल्या किती घरांत हार घातलेली म्हातारी माणसं माझ्या हातची आहेत. लोक म्हणतात हुबेहूब, आता बोलेल. एवढंच येतं मला. आणि तिला नेमकं तेच नको.
मोबाईलवर वाचत बसलो, अमूर्त चित्र कुठून आलं. युरोपातून, शंभरेक वर्षांपूर्वी. एक म्हणतो आत्मा, दुसरा म्हणतो संगीत, तिसरा म्हणतो फोटो निघाल्यावर हुबेहूबची गरजच संपली. म्हणजे माझी गरज शंभर वर्षांपूर्वीच संपली. मोबाईल फेकला. पलंगावर पडला, वाचला.

१९ ऑगस्ट
आठवलं! सर शिकवत होते की अमूर्त युरोपात जन्मलं, तेव्हा वै. मागच्या बाकावरून म्हणाली होती, "सर, आमच्या सेलूत ते पोळ्याला बैलाच्या अंगावर जन्मायचं." नंतर कॅन्टीनमध्ये मला सांगितलं. लहानपणी ती बैलांवरचे ठप्पे, ठिपके दाखवून जो भेटेल त्याला विचारायची, हे काय आहे. कोणालाच सांगता यायचं नाई. तरी पुढच्या वर्षी परत काढायचे. तेव्हापासून तिला तसंच काहीतरी काढावंसं वाटायचं.
मूर्ख आहे मी. वाक्य शोधून राह्यलो. २२ ला पोळा आहे. आणि आमचा पाखऱ्या बैल कॅनव्हासपेक्षा पांढरा आहे.
मेसेज केला: पोळ्याला आंजीला ये. वाक्य तयार आहे.
तिचं उत्तर: 'येते.'

२१ ऑगस्ट
आज खांदशेक. आईनं पाखऱ्या आणि मोऱ्या दोघांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं, उद्या जेवाले या म्हणून आवतन दिलं. बाबांनी दरवर्षीसारखा डब्यात गेरू भिजवला होता.
मी म्हटलं, पाखऱ्याला यंदा हात लावायचा नाई. तो मी रंगवणार.
"पुरा?"
"पुरा. तुम्ही मोऱ्या घ्या."
"मोऱ्या लाल हाय बाप्पा. त्याच्यावर गेरू दिसते का?"
बाबांनी डब्यावर झाकण ठेवलं.

२२ ऑगस्ट, पोळा, सकाळ
चित्र गोठ्यात नेऊन टेकवलं. पाखऱ्याचं उजवं अंग. राख आणि चुना मिसळून राखाडी बसवला, अंगठ्यानं थर दिले. वै.चा हात असा फिरला असेल, असा थांबला असेल. पाखऱ्या शेपटी मारायचा तिथं तिथं परत केलं. पिवळा हळदीचा, पोटाशी. शेवटी काजळीची रेघ, वशिंडापासून खाली.
जिथं थांबायचं तिथं आलो आणि थांबलो नाई. हात घसरला असं लिहिणार होतो. घसरला नाई. मीच नेली. पिवळ्यापर्यंत, त्याच्या आत.
छाती भरून आली. एवढे दिवस जे सांगता येत नव्हतं ते बैलाच्या अंगावर होतं. चित्र परत खिळ्यावर लावून आंघोळीला गेलो तर गाणं म्हणून राह्यलो होतो.

२२, संध्याकाळ
लिहावंसं नाई वाटत. पण लिहितो.
तोरणाखाली सगळ्या जोड्या लागल्या. बाबा मोऱ्याकडे, मी पाखऱ्याकडे. वै. शाळेच्या भिंतीजवळ, मावसभावाच्या गाडीवरून आलेली. झडत्या, एकमेकांना टोमणे मारायची पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. पिंट्या पुढे आला, माझ्याकडे बघत:
"नागपूरले गेला शिकाले, आला अर्ध्या वाटी,
बैलाले झाली खरूज, मलम लावा पाठी!"
अख्ख्या गावानं महादेवाचा गजर केला, हसत हसत. पोरं खरूज खरूज ओरडाले लागली. मी वेसण सोडली, पिंट्याची कॉलर धरली आणि तोंडावर ठेवून दिली. ओठ फुटला. पाखऱ्या बिचकला, मोऱ्याला घेऊन फिरला, बाबा मध्ये पडले म्हणून कोणी तुडवलं गेलं नाई.
वै. जवळ आली. "परत?"
एवढंच. मग पाखऱ्याकडे पाह्यलं. खूप वेळ. मला वाटलं, आता.
"रेघ जोडलीस."
हो म्हटलं. छाती फुगवून म्हटलं.
"माझं चित्र दुरुस्त केलंस तू."
चिडून म्हणाली असती तर भांडलो असतो. गाडीचं चाक पंक्चर आहे असं सांगावं तशी बोलली.
मग ती पाखऱ्याच्या पलीकडच्या अंगाला गेली. येईना. मी वळसा घालून गेलो. तिकडे बाबांच्या पंजाचे ठप्पे होते. गेरूचे. मी आंघोळीला गेलतो तेव्हा केले असणार. एक मानेजवळ, दोन एकमेकांवर, एक पार खाली, बोटं घसरलेली. मी दिवसभर उजवीकडूनच बैल धरलेला, मला पत्ता नाई.
पोळा फुटला, बैल घरोघर निघाले, धूळ उडाली, तरी वै. तिथंच. बाबांना विचारलं, "काका, हे काय काढलं?"
बाबा लाजले. "काई नाई वं बाई. गेरू उरला होता."
ती हसली. पहिल्या प्रकारचं. माझ्या बापाच्या उरलेल्या गेरूवर.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
गल्लीत बारकी पोरं लाकडी बैल ओढत फिरून राह्यली, चाकांचा खडखडाट. त्यातच वै. आली. चित्र न्यायला.
मीच खिळ्यावरून काढून दिलं. आईनं जुनी चादर दिली गुंडाळायला, पुरणपोळी बांधून दिली. धीर करून विचारलं, "त्याच्यावर वरणच हाय ना वं पोरी?"
"असेल काकू. पिवळं तर आहे."
दोघी हसल्या. अशा हसल्या जशा सासू-सून हसतील, आणि ते मला सहन झालं नाई. दारात म्हटलं, बाबांचं पाह्यलंस, माझं नाई पाह्यलंस.
"तुझं कुठं होतं तिथं? माझं होतं, आणि तुला जे पाहिजे ते होतं."
मी म्हटलं, मले तूच पाहिजे होती, त्यात चूक काय?
"चूक नाही रे. पण मी त्या चित्रात नाहीच. मी रंग लावत होते, रेघ तिथं थांबली, मला बरं वाटलं. तू येऊन तिथं मला शोधतोस, आणि मी सापडत नाही म्हणून लोकांची तोंडं फोडतोस."
गाडीवर बसल्यावर म्हणाली, "उद्या वाक्य असेल तर येजो." एरवी ती असं बोलत नाई. येजो. आईची नक्कल केली, की माझी?

२४ ऑगस्ट
वाक्य नव्हतं. गेलो.
बस वर्ध्याला पोचली तेव्हा गाडी लागलेली होती. वै. खिडकीत. शेजारी बर्थवर आईच्या चादरीतलं चित्र, उभं केलेलं. मी दोन डबे अलीकडे थांबलो.
आणि मनात काय आलं? की बघ, रेघ अशीच थांबली असेल.
स्वतःची शिसारी आली. ती निघून चालली आणि मी तिथंही तिच्या रेघेत स्वतःला कोंबून राह्यलो. मला दुसरं काही येतच नाई. जे दिसेल त्याला माझाच चेहरा. हुबेहूब.
गाडी हलली. तिनं हात वर केला. मला पाहून, का केस बांधायला, ते कळलं नाई. ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडायचं?
बाकावर बसून राह्यलो. परतीची बस गेली, पुढचीनं आलो.

२६ ऑगस्ट
दोन दिवस पडून. बाबांनी जेवायला हाक मारली, एकदाच. पिंट्या ओठ सुजलेला घेऊन आला, भांडायला असं वाटलं, तर आजोबांचा फोटो हातात. चेहरा काढून मागून राह्यला. मी नाई म्हटलं. जमत नाई आता. "काऊन, हातबित मोडला का?" म्हणाला आणि फोटो ठेवूनच गेला.
बाबांनी नाल्यावर बैल धुतले. राख गेली, चुना गेला, काजळीची रेघ तर पहिल्या बादलीतच. हळदीचा डाग तेवढा पाखऱ्याच्या पोटाशी राह्यला आहे. बघत होतो. कशासारखा आहे ते मनात यायला लागलं की मान फिरवायचो, परत बघायचो. एक वेळ अशी गेली की काहीच मनात आलं नाई. नुसता पिवळा. मग लगेच वाटलं हे तिला सांगावं, आणि संपलं.
भिंतीवर चित्राच्या जागी खिळा आहे. आई विचारून गेली, तिथं कॅलेंडर लावू का.
गोठ्यात गेरूचा डबा तसाच होता, तळाशी सुकलेला. पाणी घातलं. खोलीत आणला. उजवा हात मनगटापर्यंत आत घातला, म्हणून हे डाव्या हातानं लिहितो आहे, अक्षर लागणार नाई नंतर. गेरू कोपरापर्यंत ओघळून राह्यला. भिंतीसमोर बसलो आहे. हात अजून लावला नाई