दहापैकी चार

ती. बाबा,
दिल्लीहून प्रतिक्षाचा तुम्हाला आणि आईला जयभीम.

मी बरी आहे. खोली उबदार आहे, जेवणही चांगलं मिळतं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आई बीपीची गोळी वेळेवर घेते ना?

काल आमच्या संस्थेने माझा सत्कार केला. लोकांनी आपल्या कामाचं मोजमाप स्वतःच करावं, हे मी गावोगाव शिकवते, त्याबद्दल. फोटो सोबत आहे. सोलापुरात कुणाला दाखवायचा तर दाखवा.

पण तुम्हाला खरं सांगते. आमच्या संस्थेच्या पैशावर उजनीकाठच्या बायका चालवायच्या ते आरोग्य केंद्र आठवतं? तिथल्या पारूबाईंनी मागच्या वर्षी स्वतःच्या कामाला दहापैकी चारच गुण दिले. "लांबच्या वस्तीवर आमी पोचलोच न्हाय, तर जास्त कशाला लिवायचं?" म्हणाल्या. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. उणं दिसलं की मदत वाढते, असंही सांगितलं.

संस्थेने तेवढा चाराचा आकडा वाचला आणि केंद्र बंद केलं. शेजारच्या गावाने नऊ लिहिले होते, तिथलं चालू आहे. हे मला सत्काराआधीच कळलं होतं. तरी मी स्टेजवर गेले आणि शाल घेतली.

आज सकाळी पारूबाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ताई, आमी खोटं लिवलं असतं तर केंद्र राहिलं असतं का?"

"राहिलं असतं," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "मग त्येच शिकवायचं की आमाला."

गुडघ्याला जपा, बाबा.

तुमची,
प्रतिक्षा