नमुन्याची बरणी कोणाला द्यावी, याविषयी

मी, होउ शुयुन, वय सदुसष्ट, बाओ दग्वेइ यांची पत्नी, राहणार थाओ नदीकाठची कातडी गोदामामागची गल्ली, मिनश्यान, प्रांत गान्सू, लिहून ठेवते की हा मजकूर सांगताना माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती आयुष्यभर ठिकाणावर होती असा माझा दावा नाही, आणि केला तरी इथल्या औषधी बाजारात तो कोणी मानणार नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. नवरा सकाळपासून दाराशी घुटमळतो आहे, पण तो बटाटे सोलायची सुरी शोधतो आहे.

लान्झोउच्या इस्पितळातल्या यंत्राने माझ्या फुप्फुसात डाग दाखवला. डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "मावशी, यंत्र खोटं बोलत नाही." मला हसू फुटले. त्यांना वाटले, बाईला धक्का बसला. औषधी मुळ्या खऱ्या की खोट्या हे तपासायची यंत्रे बनवण्यात आणि सुधारण्यात माझा जन्म गेला, आणि हेच वाक्य बोलून मी माझा सख्खा भाऊ गमावला. तरी डाग खरा असू शकतो, म्हणून ही निरवानिरव.

कलम १. राहते घर नवऱ्याच्या हयातीपर्यंत त्याचे, पुढे मुलगी वेनच्यिंग हिचे. मात्र कामाच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली नवऱ्याच्या हाती कधीही देऊ नये. कारण कलम ५ मध्ये.

कलम २. बँकेत जे काही असेल ते वेनच्यिंगचे. फार नाही. या धंद्यात यंत्र विकणारे बंगले बांधतात आणि यंत्र सुधारणारे यंत्र सुधारत बसतात.

कलम ३. डाख लावायची डाखणी, भिंगे आणि मुळी दळायची छोटी चक्की तालुक्याच्या तंत्रशाळेला द्यावी. पोत्यात खुपसून ओल मोजणारी सुई कोणालाही देऊ नये. ती उबदार खोलीत उत्तम चाले. आमच्या थंडीत मात्र ती प्रत्येक पोते कोरडे ठरवी, मी मुद्दाम नदीत बुचकळून आणलेले सुद्धा. कडूपणा मोजणारी कृत्रिम जीभ नवऱ्याने मागितली आहे, त्याला द्यावी. तिने एकदा माझ्या भाजीच्या रश्श्याला बाजारातल्या सर्वांत कडू औषधाइतके गुण दिले होते. "हे एक यंत्र मात्र तुला जमलं," असे तो म्हणाला होता.

कलम ४. शेजारचे दुकानदार जाओ चुनश्यांग यांनी माझ्या यंत्राला 'न्यायमूर्ती' हे नाव ठेवले आणि माझी फजिती दर जत्रेत, दर लग्नात, मीठमसाला लावून सांगितली. त्यांना माझी आरामखुर्ची देणार होते, कारण गोष्ट ते खरेच छान सांगतात. पण हे मृत्युपत्र टाइप करणाऱ्या बाईंनी बजावले की ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. मला साक्षीदार हवा आहे. सबब जाओंना काहीही देऊ नये.

कलम ५. आता न्यायमूर्ती. ही एक काळी पेटी आहे. तिच्यात मुळी ठेवली की पेटी तिच्यावर प्रकाश टाकते, परत आलेला प्रकाश बरणीतल्या अस्सल मुळीशी ताडून पाहते, आणि अस्सल की नकली ते सांगते. म्हणजे सगळी मदार बरणीवर. आमच्याकडे पिकते ती दांगग्वेइची मुळी, बाळंतिणीला सुपात घालून देतात ती. बरणीतल्या मुळ्या माझा थोरला भाऊ योंगनिअन याच्या शेतातल्या होत्या, त्याने स्वतः धुरावर वाळवलेल्या. याहून अस्सल मला माहीत नव्हते आणि आजही नाही.

सात वर्षांपूर्वी वेनच्यिंग बाळंत झाली. नवऱ्याने कोंबडीचे सूप करायला घेतले. दांगग्वेइच्या गावात आमच्या घरी दांगग्वेइ संपलेली. म्हणून त्याने कपाटातली बरणी उघडली, सगळी मुळी सुपात घातली, आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून बाजाराच्या फाटकापाशी बसणाऱ्या एका परगावच्या माणसाकडून चांगल्या जाडजूड मुळ्या आणून बरणी भरून ठेवली. माझा नवरा बसचालक होता. त्याला गिअर कळतात. त्या मुळ्या दिसायला जुळ्या, गुणाने सावत्र निघाल्या.

पुढच्याच आठवड्यात मी पेटी मोठ्या मंडपात व्यापाऱ्यांपुढे चालवून दाखवली. पहिला माल दादाचा घेतला. माझ्या यंत्राने माझ्या भावाचा मान वाढवावा, एवढीच हौस. पेटी म्हणाली, नकली. मंडप खदखदून हसला. दादाच्या मालाची बोलणी करून बसलेले गिऱ्हाईक तिथून उठून गेले.

दादा म्हणाला, "पुन्हा बघ."

पुन्हा तेच. मी म्हणाले, "दादा, यंत्र खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो," असे म्हणून त्याने पोते खांद्यावर घेतले आणि गेला.

यानंतर शहाण्या बाईने बरणी उघडून एक मुळी चावली असती. मी यंत्र सुधारले. दिवा बदलला, पेटीचे उत्तर तेच, जरा ठाम. आरसा बदलला, आणखी ठाम. वेनच्यिंगने मांडीवर पोर घेऊन नवी आज्ञावली लिहून दिली, तेव्हा तर पेटी दादाच्या मुळीला शंभर टक्के खात्रीने नकली म्हणू लागली. त्याच्याच मुळीच्या गादीवर तोतया बसला होता, आणि मी तोतयाची नजर तीक्ष्ण करत होते. शेवटी मी मुद्दाम बनावट माल आणून पेटीत ठेवला आणि पेटी म्हणाली, अस्सल. जेवायला बसल्यावर मी हे नवल सांगितले, तेव्हा नवऱ्याचा घास घशात अडकला.

"अगं, ती बरणी," तो म्हणाला, "ती खायची नव्हती का?"

गोष्ट दुसऱ्या दिवशी बाजारभर झाली. दादालाही कळली. मला वाटले, कळलेच आहे तर तो येईल. त्याला वाटले असणार, चूक तिची तर ती येईल. त्याचे गाव सायकलच्या टप्प्यात आहे. आम्ही दोघे एकाच बापाची लेकरे, हट्टात खेचराशी पैज लावून जिंकू असे. सात वर्षे त्याने माझ्या घरचे पाणी प्यायलेले नाही, आणि मला त्याची रोज आठवण येते.

कलम ६. वेनच्यिंगचे म्हणणे, प्रयोगशाळेचा शिक्का असलेला नमुना विकत मिळतो, तो आणून पेटी विकून टाकावी. तसे करू नये. रिकामी बरणी मी माझा भाऊ होउ योंगनिअन याला देते. त्याने ती आपल्या हाताने आपल्या शेतातल्या मुळीने भरावी आणि पेटीने पुढचा सगळा बाजार त्या मुळीवरून जोखावा. तो भरणार नसेल तर पेटी कायमची बंद ठेवावी आणि तिच्यावर लोणच्याची भांडी ठेवावीत. दादाच्या मुळीवाचून ती त्याच लायकीची आहे.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला जाओंनी ही गोष्ट सांगितली तर त्यांना अडवू नये. पण सूप नवऱ्याने करू नये.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीसाठी जाओंकडे दिला होता. साक्षीदाराने मजकूर पोटात ठेवायचा असतो. जाओ तो घेऊन थेट दादाच्या गावी गेले. आज सकाळी दादा दारात उभा राहिला, बुटांना बर्फ, बगलेत गाठोडे. म्हातारा झालाय.

"मेल्यावर बरणी देणार होतीस?" त्याने विचारले.

"हो."

"आणि मुळ्या मी कोणाला दाखवायच्या? तुझ्या फोटोला?"

त्याने गाठोडे सोडले. धुराचा वास खोलीभर झाला, आमच्या बापाच्या अंगाला यायचा तो. त्याने बरणी भरली, उरलेल्यांतली एक मुळी पेटीत ठेवली आणि मला बटण दाबायला लावले. पेटी म्हणाली, अस्सल.

"एवढं मला सात वर्षांपूर्वीही माहीत होतं," दादा म्हणाला. मग त्याने मुळी दातांनी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती चावत रडले.

नवऱ्याने स्वयंपाकघरातून डोके काढले. "यातली एक सुपाला घेऊ का? या वेळी विचारतोय."

"दोन घे," दादा म्हणाला. "मी जेवून जाणार आहे."

दुसरे साक्षीदार म्हणून बोलावलेले शाळेतले गुरुजी बर्फामुळे वाटेत अडकले आहेत. दादा म्हणाला, "मी करतो सही."

मी म्हणाले, "तुझी चालणार नाही. तुला बरणी मिळतेय."

त्याने कागद पुढ्यात ओढला, कलम ६ वर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "बरणी तुझीच. आता मला काय मिळतंय?"

सबब कलम ६ रद्द. त्यातले काम मी जिवंत असतानाच पार पडले आहे.

लिहून देणार: होउ शुयुन (सही)

साक्षीदार १: जाओ चुनश्यांग, औषधी दुकानदार (सही). खुर्चीबद्दल वाईट वाटते.

साक्षीदार २: होउ योंगनिअन, शेतकरी, लिहून देणारीचा थोरला भाऊ (सही). या मृत्युपत्रात मला काहीही मिळत नाही. दर वर्षी नव्या मुळ्या घेऊन येईन, तिने दार उघडायला हजर राहावे.

ठिकाण: मिनश्यान, कातडी गोदामामागची गल्ली. दहाव्या चांद्रमासाची वीस तारीख, जेवणाआधी.