गुड्डीच्या ब्रेडची मशीन

३ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा दुखलं! गुड्डी शाळेतून आली ती दप्तरासकट दिवाणावर आडवी. पोट धरून. नागपूरच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगून ठेवलंय — गहू, मैदा, रवा आयुष्यभर बंद. नऊ वर्षांची पोर! पोटात गव्हाचा कण गेला तरी आतडं सुजतं म्हणे. तेव्हापासून तिच्यासाठी तांदळाच्या पिठाचा ब्रेड मी घरीच करते. वर्गात सगळ्यांच्या डब्यात ब्रेड-जाम, मग हिच्याही डब्यात हवा. हवा म्हणजे हवा.

राजकुमारचा राग मशीनवर. "आई, काढून टाकू आता इले. तीन वर्षं मैदा मळला इच्यात. कुठंतरी अटकून राह्यते तो." मोबाईलवर नवी मशीन दाखवली. बिनगव्हाच्या ब्रेडचं वेगळं बटण, लाईट गेली तरी पुढे तिथूनच सुरू. सूनबाईंनीही मान डोलावली. मी म्हटलं, बघू.

४ ऑगस्ट

बघू कसलं! मला ती टाकायची नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेतल्या सगळ्यांनी मिळून दिलेली. बाकीच्यांना समई मिळते, मला ब्रेडची मशीन — कारण मधल्या सुट्टीत मी सारखी पाव-भाजीच्या गोष्टी करायची! घरी आल्यावर दिवस खायला उठला होता, तेव्हा हिनेच मला सकाळी पाचला उठवलं.

म्हातारी झाली आहे, कबूल. मळायचं पातं ब्रेडच्या पोटातच अडकून बाहेर येतं. मधे लाईट गेली की पहिल्यापासून सगळं. तांदळाच्या ब्रेडचं बटण नाही म्हणून मी केकचं दाबते. पण जमतं ना!

६ ऑगस्ट

मला वेगळाच संशय आहे. रोज ब्रेड तोच, मशीन तीच, मग दुखणं कधी आहे कधी नाही, असं कसं? पोर शाळेत कुणाची बिस्किटं खात असणार. समोसासुद्धा. छत्तीस वर्षं मुलांच्या तोंडाकडे बघून खोटं ओळखलंय मी.

समोर बसवलं. विचारलं.

"नाही खाल्लं वं आजी."

"खरं सांग. देवाची शपथ घे."

घेतली. तरी मी म्हटलं, शपथ घेऊन खोटं बोलणारी चिकार पोरं पाहिली. सूनबाई रिता मधे पडली — "आई, असं नका बोलू जी तिले." मी म्हटलं, तुझ्या लाडानेच होतंय हे सगळं. रिता आत निघून गेली. गुड्डी रडली नाही. नुसती बघत राहिली.

७ ऑगस्ट

गुड्डीचा अबोला. बोलेल दोन दिवसांत.

११ ऑगस्ट, रविवार

आज मशीन उघडी केली. भांडं, पातं, झाकण, सगळं गरम पाण्यात. कोपरे जुन्या टूथब्रशने घासले. पात्याच्या खाचेतून काळपट काहीतरी निघालं. मैदाच असेल. राजकुमारला दाखवलं. तो म्हणाला, "महिना अखेरपर्यंत पाहू. फिरून दुखलं तं मी विचारणार नाही, मागवूनच टाकीन." ठीक! लागली पैज.

१९ ऑगस्ट

आठ दिवस. पोटाचं नाव नाही. राखीला मामाने आणलेल्या मिठाईकडे पोरीने बघितलंही नाही. माझं दटावणं लागू पडलंय बरोबर.

२५ ऑगस्ट

दोन आठवडे! जेवताना मी विचारलं, "काय गं, पोट?" म्हणाली, "ठीक आहे." राजकुमारकडे बघून मी भुवया उडवल्या. तो हसला. "जिंकली तू, आई. राहू दे बापा तुही मशीन." मला फार बरं वाटलं. नवी घ्यायची गरज नव्हतीच. जरा घासायचं होतं मशीनला, आणि जरा दटावायचं होतं पोरीला.

तब्येत मात्र भरत नाही अजून. होईल हळूहळू.

३१ ऑगस्ट, शनिवार

पीठ संपत आलं म्हणून चक्कीवर गेले. चक्की तेजरामची. दुसरीपासून माझ्या हाताखाली शिकला. मी दिसले की रांग सोडून माझा डबा आधी घेतो — "बाई, तुम्ही कायले उभ्या राह्यता? आणा इकडं." नेहमीच. मलाही ते आवडतं, खोटं का बोलू? डबा देऊन मी लगेच परतते. आज म्हटलं थांबू.

रांगेत माझ्या आधी आलेल्या मंगलाबाईंचा गहू चालू होता. अर्धा झाला, तेवढ्यात तेजरामने तो थांबवला आणि माझे तांदूळ ओतले. मंगलाबाई बिचाऱ्या भीतभीतच म्हणाल्या, "बाई, राग नका मानू. पण तुमच्या तांदळाचं पीठ माह्या गव्हात येते, अन् माह्या पोळ्या फाटतात."

मी म्हणणार होते, एवढ्यातेवढ्याने काय होतं! तेवढ्यात लक्षात आलं. माझे तांदूळ त्यांच्या गव्हात जातात. म्हणजे त्यांचा गहू — माझ्या तांदळात!

डब्यात हात घातला. वरच्या पांढऱ्या पिठाखाली तांबूस कोंडा. वर्षभर! माझा मान म्हणून नंबर आधी, आणि पोरीच्या ब्रेडमध्ये दर खेपेला गहू. मीच मळून, मीच कापून, मीच डब्यात भरून दिला.

डबा तिथेच टाकून आले. घरी सगळ्यांसमोर सांगितलं. राजकुमारला म्हटलं, नवी मशीन मागव, वर्षभर गहू मळलेली ही आता घरात नको. तांदूळ घरीच मिक्सरवर दळेन, दोनदा चाळेन. रिताची माफी मागितली. तिने पाणी आणून दिलं.

राजकुमार मात्र विचारात पडला. "पण आई, मशीन धुतल्यावर तं दुखणं बंद झालं होतं ना? पीठ तं तेच होतं."

खरंच. पीठ तेच होतं. मग थांबलं कसं?

१ सप्टेंबर, रविवार

न्हाऊन झाल्यावर गुड्डीचे केस विंचरत होते. तिला विचारलं. म्हणाली —

"दुखते ना वं आजी. रोजच दुखते. पण सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, चोरून खाल्लं."