दोन नाकांचा नियम

१६ नोव्हेंबर, रविवार
दुपारी, धारा आणि जेवण उरकून

प्रिय बारके,

आशीर्वाद. इकडचं सगळं ठीक आहे, तिकडचंही ठीक असेल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तिकडचं किती ठीक आहे ते भावजींनी फोनवर सांगितलंय. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कापता येत नाही. फाडता येतो, पण तू हातात आलेलं काहीही शेवटपर्यंत वाचल्याशिवाय टाकत नाहीस, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा. तेवढी मी तुला ओळखते.

आधी बातम्या. शेळ्या आता एकोणीस झाल्यात. वकीलबाई म्हातारी झाली, पण वाद घालायचं सोडत नाही. धारेच्या ओट्यावर चढायला रोज पाच मिनिटं तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि एकदा चढली की उतरायला तयार नसते. तिच्या नातीला यंदा जुळी झाली. एक करडू अगदी पणजीवर गेलंय, जन्मल्यापासून तक्रार. आपले बोकड-जावईबापू आहेत तसेच. आयतं खायचं, मिशा फुगवायच्या आणि पाहुणचारात काही कमी पडलं की कुंपणाला धडका द्यायच्या. सध्या त्यांचा हंगाम आहे, त्यामुळे त्यांना ओढ्यापलीकडच्या खोपटात ठेवलंय. त्यांचं पाहायला गुरांच्या डॉक्टरांच्या ओळखीचा एक माणूस येतो, मी तिकडे फिरकत नाही.

दुधाच्या खोलीला नवी जाळी बसवली. नळाखालची फुटलेली फरशी बदलली, ती तू दर आठवड्याला बदल बदल म्हणून माझं डोकं खायचीस ती. चीजची मोठी चाकं मी आता करत नाही. ताजंच चीज करते, मऊ, आठ दिवसांत संपणारं. दूध कोमट करायचं, विरजण, दूध गोठवणाऱ्या रेनेटचे थेंब, दुसऱ्या दिवशी चक्का साच्यात, वरून मीठ, झालं. थर्मामीटर आणि घड्याळ यांच्यावर भागतं. मुरवणीच्या खोलीतल्या फळ्या घासून ठेवल्यात, रिकाम्याच. दुकानवाल्या बाई दर खेपेला विचारतात, ती चार महिने मुरलेली चाकं पुन्हा कधी? मी म्हणते, गुडघे दुखतात. चाकं उलटायला गुडघे कशाला लागतात, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

आणि हो, शेजारच्या मास्तरीणबाई रोज शाळेत जाता जाता आपला दुधाचा कॅन हुंगून जातात. त्यांना त्याची गंमत वाटते. पण बाई स्वभावानं इतक्या गोड की सगळ्यालाच छान म्हणतात. परवा नासत आलेल्या दुधालाही छान म्हणाल्या.

तर मुद्दा असा की तू घरी ये. बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं मोजून तुला काय मिळणार? तुझी खोली आहे तशीच आहे. भावजींनाही इकडे काम मिळेल, मी चौकशी केलीय. झालं गेलं सोडून दे. मी मोठी आहे, मी म्हणते सोडून दे.

सोमवार
सकाळी

कालचं पान वाचलं. उंटावरून शेळ्या हाकायची माझी सवय काही जात नाही. वर शेवटी लिहिलंय, मी म्हणते सोडून दे. सोडून द्यायचं असेल तर ते तू म्हणायचं, मी नाही.

भावजींनी मला नुसतं ठीक आहे एवढंच सांगितलं नाही. तुला कळू देऊ नका असं बजावून सांगितलं, पण आता कसली लपवालपवी. त्या मोठ्या डेअरीनं तुला बोलावलंय. मुरवणीची अख्खी खोली तुझ्या ताब्यात द्यायला तयार आहेत. आपली जुनी चाकं त्यांच्यातल्या कुणीतरी खाल्ली होती म्हणे. तू नाही म्हणालीस. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत विचार करा. आणि भावजींनी कारण विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "माझं नाक कामातून गेलंय. ताईनंच सांगितलं."

भावजींना वाटलं मी हसेन आणि म्हणेन की भांडणात बोललेलं कोणी एवढं मनावर घेतं का. मी फोन ठेवून दिला.

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. बारकी नाही म्हणाली म्हणजे बारकी मोकळी आहे, आता तिला घरी आणता येईल. म्हणून काल ते पान लिहिलं. तुझी ताई अशी आहे. तुला ठाऊक असेलच, तरी माझ्या अक्षरात असू दे.

आता ऐक. मला वास येत नाही. कशाचाच नाही. दुधाचा, शेळ्यांचा, साबणाचा, जळक्याचा, कशाचाच नाही. मागच्या महिन्यात चुलीवरचं दूध उतू जाऊन भांडं काळंठिक्कर पडलं आणि मी शेजारच्या खोलीत बसून बाह्या शिवत होते. मास्तरीणबाई कशाला येतात ते आता तुला कळलं असेल.

हे म्हातारपणामुळे झालं असं लिहून थांबता आलं असतं. तसं लिहिलंही होतं, मग तो कागद चुरगळून टाकला.

सोमवार
दुपारी

तीन वर्षांपूर्वी मला ताप आला होता तो आठवतो ना? तू मला पेज भरवलीस आणि मी म्हणाले पेजेला चव नाही, तुला रांधता येत नाही. ताप उतरला पण नाक परत आलं नाही. वाटलं, चार दिवसांनी येईल. मग वाटलं, महिन्यानं येईल. तुला सांगितलं नाही.

आपला नियम काय होता? सकाळचं दूध दोघींनी हुंगायचं आणि दोघी हो म्हणाल्या तरच ते कढईत ओतायचं. अकरा वर्षं आपण हे केलं. लोक हसायचे, दुधाची पूजा चाललीय म्हणायचे. तर त्या तापानंतर मी कॅनवर वाकत होते, डोळे मिटत होते आणि हो म्हणत होते. रोज.

का, ते मलाही नीट सांगता येत नाही. चीज तुझं होतं, बारके. लोक खायचे ते तुझ्या हातचं. माझ्याकडे शेळ्या, बादल्या आणि त्या सकाळच्या एका ‘हो’चा मान होता. तोही गेला तर मी त्या घरात धारा काढणारी बाई उरले असते. एवढीशी गोष्ट. लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा फार भीती वाटली होती.

मग ते आठ दिवस. तेव्हाही जावईबापूंचा हंगाम होता. मी आजारातून उठलेली, म्हणून बोकडाचं सगळं तू पाहायचीस आणि धारा मी काढायचे. बोकडाला शिवलेल्या माणसानं धारेला बसायचं नाही, हा दुसरा नियम. एका सकाळी तू कॅनवर वाकलीस आणि म्हणालीस, नाही ताई, दुधाला बोकडाचा वास आहे. मी हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, मला तर काही येत नाही. तू जावईबापूकडून आलीयस, तुझ्याच अंगाला येत असेल. तू जाऊन अंघोळ केलीस, परत आलीस, परत नाही म्हणालीस. मी मोठी. मी ओतलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तू दोन-दोनदा साबण लावून अंघोळ करत होतीस, थंडीत. चौथ्या दिवशी तू कॅनवर वाकलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि नुसती होकाराची मान हलवलीस.

ती हललेली मान मला रोज दिसते.

चार महिन्यांनी दुकानवाल्या बाईंनी गिऱ्हाइकासमोर चाक कापलं आणि अख्ख्या दुकानात जावईबापू अवतरले. बत्तीस चाकं परत आली. तू म्हणालीस, मी सांगितलं होतं. आणि मी त्या बाईंच्या देखत, चाकं उतरवणाऱ्या माणसांच्या देखत म्हटलं, "सांगितलं होतंस तो तुझ्याच अंगाचा वास होता. बोकड घेऊन दुधाच्या खोलीत शिरलीस तू. तुझं नाक कामातून गेलंय, बारके."

तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की कामातून गेलेलं नाक कोणाचं आहे. तू उलटून मला विचारशील, ताई, तुला वास आला नाही तो कसा, या भीतीनं मी आधीच तुझ्यावर धावून गेले. चोराच्या उलट्या बोंबा. तू विचारलंसही नाहीस. आठ दिवसांत गेलीस.

पण वास आला कुठून, हे मला खरंच माहीत नव्हतं. तेवढं माझं मान्य कर. पुढच्या थंडीत ट्रंकेतला जाड स्वेटर काढला, घातला आणि धारेला बसले. डॉक्टर एका शेळीचा खूर बघायला आले होते. दारातच नाकाला रुमाल लावून म्हणाले, अहो, बोकडाला दुधाच्या खोलीत झोपवता की काय? तेव्हा आठवलं. त्या पहिल्या दिवशी पहाटे जावईबापूचं शिंग कुंपणात अडकलं होतं. तू झोपली होतीस. मी जाऊन सोडवलं, तर तो लाडात येऊन माझ्या छातीवर डोकं घासत राहिला. मी कोपरापर्यंत हात धुतले. वास येत नाही म्हणजे गेला, असं धरलं. स्वेटर काढून दुधाच्या खोलीतल्या खुंटीवर टांगला, उघड्या कॅनच्या वर, आणि धारेला बसले. तो तिथेच आठ दिवस होता. मग मोठा कोट काढला आणि स्वेटर ट्रंकेत गेला. परत आलेल्या चाकांवरच्या तारखा ताडून पाहिल्या. तेच आठ दिवस.

म्हणजे तू पहिल्या सकाळीच ओळखलंस. कॅनभर दुधात, एका स्वेटरचा वास, आणि तीन दिवस तू ठाम राहिलीस. असं नाक असलेली दुसरी बाई मला माहीत नाही.

हे मला कळून दोन वर्षं झाली. दोन वर्षांत एक पत्र लिहायला काही लागत नव्हतं. दर महिन्याला ठरवायचे, आणि दर महिन्याला एखादी शेळी विणार असायची किंवा चारा यायचा असायचा. तू तिथे पाकिटं मोजत होतीस आणि स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडून बसली होतीस, हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होते. पण अंदाज होता.

मंगळवार
सकाळी, दुकानातून आल्यावर

आज दुकानात जाऊन आले. जिच्यासमोर तुला बोलले होते, तिच्यासमोरच सांगायचं ठरवलं होतं. दोन गिऱ्हाइकं उभी होती. वाटलं, ती जाऊ देत. मग वाटलं, त्या दिवशी कुठे कोणाला जाऊ दिलं होतं. सगळं सांगितलं, नाकाचं, स्वेटरचं, तुझ्या तीन दिवसांचं. बाई कागदात काहीतरी बांधत होत्या. त्यांनी दोरी बांधून पुरी केली आणि एवढंच विचारलं, "आणि ती पोर इतकी वर्षं कुठे आहे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या डेअरीवाल्यांना मी ओळखते, कोणी विचारलं तर मी सांगेन की त्या चाकांत चूक कोणाची होती. मग मला ताजं चीज आणलंय का विचारलं. आणलं नव्हतं. आज विसरले.

मास्तरीणबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, अय्या, मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेता.

पहिलं पान काढून टाकणार होते, ते राहू दिलंय. तू घरी यावंस हे खरं आहे. मला फार वाटतं. त्या रिकाम्या फळ्यांच्या खोलीत मी रोज जाते आणि लगेच बाहेर येते. पण ते माझं दुखणं आहे, त्यावरून तू काही ठरवू नकोस. आलीस तर मी तुला पुन्हा धाकटीच करीन, माझा स्वभाव मला माहीत आहे. तिथे तू कोणाची धाकटी नसशील.

माफ कर. हे दोन शब्द लिहायला तीन दिवस लागले.

महिनाअखेरीला बारा दिवस आहेत. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, त्यांना लिही. हे पत्र दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव, मी खाली सही करते आहे. आणि तिथे एखाद्या सकाळी तू नाही म्हणालीस, आणि वयानं मोठं कोणी शेजारी उभं राहून म्हणालं की मला तर काही वास येत नाही, तर बारके, मान हलवू नकोस.

तू म्हणू देशील तोवर तुझी,
ताई