पिवळ्या पाटीबाबत खुलासा

मेहरूण, जळगाव
दि. १२ मार्च

विषय : पिवळ्या नंबरपाटीच्या गाडीबाबत खुलासा.
संदर्भ : आपले मौन, दि. १४ फेब्रुवारीपासून आजतागायत.

सन्माननीय प्रेमराज नाना यांना अभिमनचा मनापासून रामराम.

आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि घरात भरून ठेवलेला कापूस (भाव पडले असे ऐकतो, मी केळीवाला असलो तरी ऐकून वाईट वाटते) सर्व ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्हीही ठीक आहोत. तसे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. खरे म्हणजे सौ. झुंबरबाई माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलतात, माझी थोरली बहीण लताबाई तेवढीही बोलत नाही, आणि चि. समाधान धुळ्याच्या बँकेतून रोज फोन करून एवढेच विचारतो, की शिरपूरहून निरोप आला का. वर विषय आणि संदर्भ टाकला म्हणून रागावू नये. चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. विषय न टाकता मी आईलाही कधी पत्र लिहिले नाही.

मुद्दा असा, की चौदा तारखेला आपल्या ओसरीवर सुपारी फुटायची होती, ती ताटातच राहिली. आपण 'विचार करून कळवतो' म्हणालात. नंतर कानावर आले, की 'मुलाचा बाप सरकारी नोकरीतून निवृत्त म्हणून सांगितला आणि निघाला काळीपिवळीवाला, लपवले कशाला?' असे आपले म्हणणे आहे. नाना, मी काळीपिवळीवाला नाही. असतो तर त्यात लाजण्यासारखे काही नव्हते, घामाचा धंदा आहे. पण नाही, आणि जे नाही ते लपवता येत नाही.

गाडी घेतली ती शेतासाठी. आमची केळी गिरणेकाठच्या काळ्या मातीत आहे, आणि ती माती पावसाळ्यात काय करते हे आपल्याला मी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझी मोटारसायकल तिथे रुतली, ती काढायला ट्रॅक्टर आला तोही रुतला, आणि ट्रॅक्टर काढायला जी बैलजोडी आली तिच्या मालकाने पुढे महिनाभर गावभर काय सांगितले ते इथे लिहीत नाही. तेव्हाच ठरवले, की चारही चाके ओढणारी जीप घ्यायची. तशी एक मिळाली. डोंगरावर सहलीच्या लोकांना फिरवणाऱ्या एका माणसाची होती. इंजिन उत्तम, टप दणकट, किंमत बाजारापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. कमी का, तर धंद्याची गाडी म्हणून तिची पाटी पिवळी. विकणारा म्हणाला, पाटीचे काय, पंधरा दिवसांत पांढरी होते. त्याला आता आठ महिने झाले. (यात कोणाचाही दोष नाही. जुने परमिट जमा झाले, कराचा फरक भरला, तपासणी झाली. फक्त एका अर्जावर मी निळ्याऐवजी हिरव्या शाईने सही केली, म्हणून फाइल परत आली. हिरव्या शाईची सवय मला साहेबांच्या गैरहजेरीत लागली होती. मी स्वतः नोकरीत एकेका कागदासाठी लोकांच्या फायली परत पाठवल्या आहेत, त्यामुळे मला ओरडायलाही तोंड नाही.)

मग पिवळी पाटी घेऊन घरगुती वापर सुरू झाला. या गाडीला ऐंशीच्या पुढे पळायला मनाई आहे, आत तसे यंत्रच बसवले आहे. ते मला चालते, माझा स्वभावही तसाच आहे. पण नाक्यावर अडवून विचारतात, गाडी धंद्याची, मग प्रवासी कुठे आहेत? मी म्हणतो, प्रवासी नाहीत, मी केळी बघायला चाललो आहे. यावर कोणीही विश्वास ठेवत नाही. उलट जिथे प्रवासी नकोत तिथे ते हमखास असतात. आपल्या खानदेशात पिवळी पाटी दिसली की माणसाचा हात आपोआप वर जातो, आणि गाडी नुसती हळू झाली तरी तो पायरीवर पाय ठेवतो. एरंडोलच्या फाट्यावर एका गृहस्थाने दोन कोंबड्या आधी आत टाकल्या आणि मग गाडी कुठे जाते ते विचारले. सुरुवातीला मी समजावत असे, की ही खासगी गाडी आहे. लोक पाटीकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि म्हातारपणी खोटे बोलतो म्हणून चिडत. समजावायला दहा मिनिटे लागतात, पारोळ्याला सोडायला वीस. म्हणून मी सोडू लागलो. भाडे मागत नव्हतो (सहलीच्या परमिटवर सीटा भरता येतच नाहीत, मला नियम तोंडपाठ आहेत), पण लोक उतरताना नोट हातात कोंबून जात, तेव्हा ती घेऊन मारुतीच्या पेटीत टाकायची, असा क्रम पडला. हा क्रम पडायला नको होता, एवढे मी मान्य करतो.

आता चौदा तारीख. सौ. आणि समाधान आदल्या दिवशीच सौ.च्या माहेरी गेले होते, शिरपूरच्या अलीकडे, ते तिथून परस्पर येणार होते. माझ्याकडे एकच काम होते : पारोळ्याच्या स्टँडवरून समाधानच्या आत्याला, म्हणजे लताबाईला, घेणे. (लताबाईला मोबाईल घेऊन दिला आहे. हरवू नये म्हणून ती तो कपाटात ठेवते.) स्टँडवर गाडी थांबताच सात माणसे चढू लागली. ती उतरवली. मला हार घ्यायला जायचे होते, म्हणून तिथे जो माणूस ओरडून सीटा भरतो त्या उखर्डूला मी स्पष्ट शब्दांत सांगितले, की शिरपूरला जाणारी एक बाई येईल, तिला मागे बसव, दुसऱ्या कोणालाही बसवू नको. उखर्डूने माझे शब्द तंतोतंत पाळले. मी पाठ फिरवून लांब जाताच (हे मला नंतर कळले) तो ओरडला, "शिरपूर, शिरपूर! एकच सीट, बाईमानूस!" आणि पहिली जी बाई आली तिला बसवून दार लावून घेतले. मी हार घेऊन आलो, तर मागे डोक्यावरून पदर घेतलेली बाई, मांडीवर पिशवी. आरशात फक्त केळीची करंडी दिसत होती. मी विचारले, अक्का, बसलीस ना नीट? आतून आले, "हा, भाऊ." मग कशाला मागे वळून बघायचे?

पारोळा ते शिरपूर मी बोलत होतो. सख्ख्या बहिणीशी माणूस जसा बोलतो तसा. धुळे येईपर्यंत सौ.च्या तक्रारी संपल्या, धुळ्यापुढे आपला विषय निघाला. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, कारण ते आपल्यापर्यंत पोहोचले आहे. पण अर्धेच पोहोचले. आपल्याकडच्या बायकांनी मागे बसलेल्या त्या बाईला पाहुणी म्हणून थेट आत नेले, कुंकू लावले, आत्याबाई म्हणून साडी दिली, ओटी भरली, आणि विचारले, आत्याबाई, मुलगा कसा आहे? मंजुळाबाईंनी (हे त्यांचे नाव, त्या लेकीकडे चालल्या होत्या, आणि कोणी प्रेमाने घरात बोलावले तर नाही कशाला म्हणायचे, असा त्यांचा सरळ विचार) खरे ते सांगितले. "पोऱ्याले मी देखेल नही, माय. पन डायवर चांगला शे. बठ्ठा रस्ता बोलत ऱ्हायना. म्हने, नाना सोनाना मानूस शे, पन तोरा भलता." नाना, यानंतर मी हेही म्हणालो होतो, की ज्या घरात अशी पोर वाढली त्या घराला तोरा शोभतो. ते सांगेपर्यंत चहा आला असावा.

पुढचे आपल्या डोळ्यांदेखत झाले. मी आपल्या शेजारी गादीवर, डोक्यावर टोपी, अंगावर आपणच घातलेली शाल. मंजुळाबाई नवी साडी काखेत मारून बाहेर आल्या, पदराची गाठ सोडली आणि पंचवीस माणसांत मला विचारले, "भाऊ, कितलं भाडं व्हयनं?" तेव्हा मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. त्याच क्षणी उठून खुलासा करायला हवा होता. पण त्यांनी शंभराची नोट पुढे केली, आणि नाना, आठ महिन्यांची सवय वाईट. माझा हात पुढे गेला. नोट घेतली. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते, पण मी खिशातून वीस रुपये काढून परत दिले. सौ. आणि समाधान नेमके तेव्हाच दारातून आत आले.

मला हसू येत नाही, नाना. चि. मेघा जनावरांची डॉक्टर, डोंगरातल्या पाड्यांवर एकटी जाणारी पोर. पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने हुंड्या-मानपानाचे नव्हे, माझ्या गाईच्या खुरांचे विचारले. अशी सून माझ्या घरात यावी असे मला फार वाटते. समाधान तर निरोपाचे विचारतो आणि फोन ठेवतो, नुसता वाळत चालला आहे. माझ्या लोखंडी खटाऱ्यापायी दोन पोरांचे मोडू नये. म्हणून मी गाडी विकायचे ठरवले आहे. ग्राहक गुरुवारी दुपारी येणार. गाडी गेली की पाटी गेली, आणि आपला आक्षेपही निकाली निघतो. तरी सुपारीची नवी तारीख कळवावी.

राग असला तर तो माझ्यावर असावा, लोभ पोरांवर.

आपला
(व्याही असे लिहायचे होते, हात धजला नाही)
अभिमन

ता. क. : लताबाई त्या दिवशी पारोळ्याला चार तास उभी होती. स्टँडवर आलेली गाडी तिने पाहिली होती. पण पिवळी पाटी बघून 'आपला भाऊ असल्या गाडीत कसा असेल' म्हणून तिने तोंड फिरवले. म्हणजे तोरा आमच्याही घरात आहे, हे लक्षात घ्यावे.

ता. क. २ : हे पत्र काल पाकिटात घातले होते, ते पुन्हा उघडावे लागले. संध्याकाळी चि. मेघाचा फोन आला. समाधानला नव्हे, मला. गाडी विकायची बातमी तिला समाधानकडून कळली. (म्हणजे तो बोलतो. माझ्याशी निरोपापलीकडे बोलत नाही.) ती म्हणाली, पाड्यांवर जायला तिला चार वर्षे अशीच गाडी हवी होती, चौदा तारखेला खिडकीतून तिने आधी गाडी पाहिली आणि मग मुलगा. गाडी विकली तर तिचा नकार समजावा. पाटी पांढरी करायचीही घाई नको म्हणाली. पिवळी पाहून लोक आपणहून हात करतात, तिला आजारी बैल शोधत हिंडायला नको.

ता. क. ३ : तेव्हा गाडी ठेवली तर आपला नकार, आणि विकली तर तिचा. मी तिला 'विकत नाही' असे सांगून बसलो आहे. आपल्याला ते मान्य नसेल, तर गुरुवारच्या आत आपणच तिला 'नाही' म्हणावे आणि तसे मला कळवावे. मला ते जमले नाही. आपण तिचे वडील आहात, आपल्याला आजवर कधी जमले आहे का, तेही कळवावे.